कूलरच्या टाकीतला समुद्र

मागच्या मे महिन्यात मी सलग एकोणीस दिवस भर दुपारी स्लॅबवर गेलो. ह्याचा अर्थ काय होतो ते नागपूरकराला सांगायला नको. चप्पल स्लॅबला चिकटते, पाण्याच्या पाइपाला बोट लागलं की हात झटकन मागे येतो, आणि शेजारचा मित्र खिडकी दोन बोटं उघडून ओरडतो, "काय करून राहिला बे वर? ऊन लागून मरशील!"

मी समुद्राचं पाणी गोड करत होतो.

समुद्र आमच्याकडे नाही, हे मान्य. मुंबई गाठायची तर आठशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. झिरो माइलचा खांब मिरवणाऱ्या गावाला समुद्र घरीच बनवावा लागतो. त्याची पाककृती सोपी आहे: एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ. दहा लिटरला साडेतीनशे. किराण्याच्या डब्यातलं मीठ तिसऱ्यांदा संपलं तेव्हा बायको जिन्यात उभी राहिली. "अहो, कूलरच्या टाकीत मीठ काहून टाकून राहिले तुम्ही?"

टाकी जुन्या कूलरची होती, हे तिचं बरोबर होतं.

आता मुळापासून सांगतो. माझं नागपूरच्या नंदनवन भागात इन्व्हर्टर-बॅटरीचं छोटं दुकान आहे. सात-आठ वर्षांपासून छतावरची सोलर पॅनलही बसवतो. बॅटरीच्या धंद्यात एक गोष्ट रोज विकली जाते, बॅटरीचं पाणी. गिऱ्हाईक येतं, म्हणतं "भाऊ, दोन कॅन बॅटरीचं पाणी द्या." म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. मे महिन्यात बॅटरी माणसासारखीच जास्त पाणी पिते, इंडिकेटरचा लाल पट्टा दिसेपर्यंत लोक लक्ष देत नाहीत, आणि मग घाईत कोणी तरी नळाचं पाणी ओतून मोकळा होतो. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर जाऊन बसतात आणि चांगली बॅटरी वेळेआधी भंगारात जाते. त्यामुळे क्षार नसलेलं पाणी म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण ह्या उद्योगाचं खरं कारण दुकान नव्हतं. कारण होती माझी दर्यापूर तालुक्यातली मावशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावती, अकोला आणि बुलडाणा ह्या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, कसदार, कापूस-तुरीची. पण खाली बोअर मारला की पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि पाहुण्याचा चहा पहिल्या घोटालाच थांबतो. समुद्र पाहायचा म्हणून आपण कोकणात जातो, आणि इथे विदर्भाच्या पोटातच एक समुद्र पुरलेला आहे. मावशीच्या गावात नळ आहे, पण त्याला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ. मधल्या दिवसांत हातपंप. गेल्या दिवाळीत मी दुकानातला पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, नेला होता. हातपंपाच्या पाण्यात बुडवला तर लिटरला २८०० मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. मावशीला आकडा सांगितला. ती म्हणाली, "आकडा कायले पाहतं? मले विचार ना, मी चाळीस वर्षं पिऊन राहिली."

परतीच्या एसटीत अमरावतीपर्यंत मला तेच सुचत होतं. पाणी खारट आहे, ऊन रग्गड आहे. मग अडलंय कुठे?

अडलंय कुठे, ते कूलरने समजावलं.

वापरून जुन्या झालेल्या कूलरची ताटी तुम्ही हातात घेतली असेल. तिच्यावर पांढरा कडक थर असतो. कूलरने पाणी उडवलं आणि क्षार मागे ठेवले, त्याचा तो हिशेब. म्हणजे नागपुरातला प्रत्येक कूलर अर्धं काम करतोच आहे: खाऱ्यातून गोडं पाणी वेगळं काढतो, फक्त ते पकडत नाही, खोलीभर सोडून देतो. मोठा डेझर्ट कूलर दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज संपवतो. आणि इथे एक मजा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटच्या आत उष्णता लागते, नेमकं सांगायचं तर ०.६५ च्या आसपास. सत्तर लिटरची वाफ म्हणजे पंचेचाळीस युनिट! कूलरचा पंखा आणि पंप मिळून दिवसाला दोन-तीन युनिटच खातात. उरलेली उष्णता येते ताटीतून जाणाऱ्या गरम हवेतून. म्हणून तर खोली गार होते. तो आकडा कागदावर मांडला तेव्हा मी चहा तसाच ठेवून दोनदा गुणाकार केला. वाफ करणं हे किती महागडं काम आहे, हे पंचवीस उन्हाळे कूलरसमोर झोपूनही मला कळलं नव्हतं.

तर यंत्र. भंगारातून जीआय पत्र्याची कूलरची टाकी आणली, तीन फूट बाय अडीच फूट. एक बाजू कापून बुटकी केली, वर तिरपी काच. काचेच्या खालच्या कडेला आतून खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचा तुकडा, पन्हळीसारखा. पन्हळीच्या टोकाला पारदर्शक नळी, नळीखाली बाटली. टाकीच्या बाहेरून थर्मोकोल. उन्हात पाणी तापतं, वाफ होते, वाफ काचेला आतून लागून थेंब होतात, थेंब घसरत पन्हळीत येतात. मीठ टाकीत राहतं. बस, एवढंच. ना पंप, ना वायर. मी वायरीवर पोट भरणारा माणूस, मला हे जरा अपमानास्पदच वाटलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बाटलीत सातशे मिलि पाणी होतं आणि त्याला सिलिकॉनचा असा वास की बॅटरीनेही प्यायलं नसतं. सिलिकॉन आठवडाभर उघड्यावर सुकू द्यायला हवं होतं. दुसरी चूक काचेची. मी ती जवळपास आडवी ठेवली होती, थेंब घसरण्याऐवजी मोठे होऊन परत खाऱ्या पाण्यात टपकायचे. दिवसभर सूर्याने वर नेलेलं पाणी मी खाली पाडत होतो. काच दक्षिणेकडे तोंड करून जास्त तिरपी केली, तसं दुसऱ्याच दिवशी दीड लिटर. तिसरी चूक तळाला मारलेला काळा रंग. खाऱ्या गरम पाण्यात चार दिवसांत त्याच्या पापड्या सुटल्या. मग ग्रॅनाइटच्या दुकानाबाहेर पडलेले काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे उचलून आणले आणि तळाला अंथरले. हा मात्र माझा हुकमी पत्ता निघाला. दगड दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावर, काच गार होत असताना, आतून पाणी तापवत राहतो. सहानंतर आणखी चारशे मिलि मिळायला लागलं. पाण्याचा थर जितका पातळ तितकं बरं, हेही कळलं. चार बोटं खोल भरलं तर दुपारपर्यंत ते नुसतं कोमटच होत बसतं.

सगळ्यात चांगल्या दिवशी दोन लिटर शंभर मिलि. त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. खारं पाणी टीडीएस मीटरच्या आवाक्याबाहेरचं, तो बिचारा दहा हजाराच्या अलीकडेच हात टेकतो. बाटलीतलं पाणी १८. आमच्या नळाच्या पाण्याच्या एक दशांशही नाही.

टाकीची काच साधारण ०.७ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला तीन लिटर. मे महिन्यात नागपुरात एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा युनिटच्या आसपास ऊन पडतं. एका लिटरला ०.६५ युनिट धरलं तर पुरे नऊ लिटर व्हायला हवे. माझ्या टाकीने त्यातला तिसरा हिस्सा दिला, बाकी काचेतून, पत्र्यातून, फटींतून गेलं. मी वाईट वाटून घेतलं नाही, कारण मागे जाऊन पाहिलं तर मोठमोठ्यांचंही गणित ह्याच घरात फिरतं.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात लास सालिनास नावाची जागा आहे. तिथल्या सोऱ्याच्या खाणींना पाणी पुरवायला १८७२ साली चार्ल्स विल्सन नावाच्या इंजिनियरने असंच यंत्र उभारलं. लाकडी पेट्या आणि तिरप्या काचा, सुमारे ४,७०० चौरस मीटर. रोज वीस हजारांहून जास्त लिटर गोडं पाणी, तेही समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यातून. ते खाणीतली माणसं आणि ओझी वाहणारी खेचरं प्यायची. हिशेब केला तर चौरस मीटरला चार-पाच लिटर. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस माझ्या पुढे होता आणि त्याच्याकडे सिलिकॉनही नव्हतं. आपल्याकडे गुजरातेत भावनगरला मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था १९५४ पासून आहे. त्यांनी जवळच्या अवाणिया गावात १९७८ मध्ये काचेच्या पेट्यांचा मोठा प्लांट उभारला होता, दिवसाला पाच हजार लिटरचा, १,८०० चौरस मीटरच्या वर काच. म्हणजे चौरस मीटरला तीन लिटरही नाही. हे वाचल्यावर मी माझ्या टाकीला मनातल्या मनात शाबासकी दिली.

दुसऱ्या महायुद्धात मारिया टेल्केस ह्या शास्त्रज्ञ बाईंनी लाइफ राफ्टवर अडकलेल्या सैनिकांसाठी फुगवता येणारं प्लास्टिकचं असंच यंत्र तयार केलं होतं. फुगवायचं, समुद्रावर तरंगत ठेवायचं, दिवसाला जीव वाचेल एवढं पाणी. त्या परिस्थितीत चौरस मीटरला किती असं कोण विचारणार!

मी मात्र विचारणारा आहे, कारण मी पॅनल विकतो. आणि इथे माझ्या डोक्यातला व्यापारी जागा झाला.

त्याच एक चौरस मीटरवर काचेऐवजी सोलर पॅनल ठेवलं तर? पॅनल उन्हाचा पाचवा हिस्सा वीज करतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढाही नाही, कारण पॅनल तापलं की त्याची वीज कमी होते. गिऱ्हाइकाला वाटतं मे महिन्यात मीटर धावेल. प्रत्यक्षात पॅनलचा काळा पत्रा सत्तर अंशांच्या घरात गेला की शंभरातले पंधरा रुपये तिथेच गळतात. तरी धरा दिवसाला एक युनिट. आता आरओच्या पद्धतीने समुद्राचं हजार लिटर पाणी गोड करायला आजच्या चांगल्या प्लांटला तीन ते चार युनिट लागतात. एका युनिटमध्ये अडीचशे ते तीनशे लिटर.

तीन लिटर आणि अडीचशे लिटर. जागा तीच, ऊन तेच.

त्या रात्री मी स्लॅबवरच बसलो होतो. कागदावर हा हिशेब तीन वेळा केला. शून्य चुकलंय का ते बघितलं. नाही चुकलं. कारण साधं आहे: आरओ पाण्याची वाफ करतच नाही. पडद्यातून पाणी दाबून काढतो, मीठ अलीकडे राहतं. समुद्राच्या पाण्याला दाब मात्र जबरदस्त लागतो, साठ बारच्या आसपास. घरच्या आरओच्या पंपाच्या दहापट. त्यासाठी पंप, फिल्टर, पडदे बदलणं, शिकलेला माणूस. चेन्नईला मिंजूर आणि नेम्मेली इथे दिवसाला दहा-दहा कोटी लिटरचे असे प्लांट आहेत, पण ते चालतात ग्रिडच्या विजेवर. पॅनल जोडायला कोणी अडवलेलं नाही, फक्त रात्री पंप थांबला तर पडद्यांचे हाल होतात आणि महागडं मशीन अर्धा दिवस बसून राहतं.

वाफेवाल्यांनीही हार मानलेली नाही, हे खरं. वाफ पुन्हा पाणी होताना घेतलेली सगळी उष्णता परत देते. माझी काच ती उष्णता नंदनवनच्या आकाशाला दान करते. तीच उष्णता खालच्या दुसऱ्या थरातलं पाणी तापवायला वापरली, मग तिसऱ्या, मग चौथ्या, तर एकाच उन्हात अनेकदा काम होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि चीनमधल्या शांघायच्या संशोधकांनी असे दहा थर लावून चौरस मीटरला तासाला साडेपाच लिटरहून जास्त पाणी काढलं. माझ्या टाकीला ज्याला जवळपास दोन दिवस लागतील ते तासाभरात. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर तर २००५ पासून दिवसाला एक लाख लिटरचा प्लांट आहे आणि त्यात काच नाही, पडदा नाही. उन्हाने तापलेलं वरचं समुद्राचं पाणी निर्वात टाकीत सोडायचं, तिथे ते कमी तापमानालाच वाफ होतं, आणि ती वाफ गार करायला साडेतीनशे मीटर खोलवरून थंडगार पाणी ओढून आणायचं. समुद्रच सोलर हीटर आणि समुद्रच फ्रिज. ही कल्पना मला इतकी आवडली की दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना ऐकवली. एकाने बॅटरी दुसऱ्या दुकानातून घेतली.

एवढं सगळं होऊन मावशीकडे काय न्यायचं, हा प्रश्न राहिलाच. हिशेब सांगत होता, "आरओ घेऊन जा." मी चौकशीही केली. मग तिच्या शेजारच्या गावातला आरओ प्लांट आठवला, ज्याच्या शटरला मी दोन वर्षं कुलूपच बघतोय. पडदा चोक झाला, बदलायला कोणी आलं नाही. आणि खारपाणपट्ट्यात आरओची आणखी एक खोड. तो गोड्या पाण्यासोबत जास्त खारट पाणी बाहेर टाकतो. समुद्रकाठी ते समुद्रात जातं, तिथेही मासे-शेवाळाची काळजी घ्यावी लागते. इथे ते जाणार कुठे? नालीत, नालीतून शेतात, जमिनीत, आणि फिरून त्याच हातपंपात.

मावशी एकटी. तिला प्यायला आणि वरणाला मिळून पाच-सहा लिटर पुरतं. शेवटी मी काचच नेली.

जीआयची टाकी नाही. तिला एकोणिसाव्या दिवशी तळाला तीन भोकं पडली होती. मिठाने पत्रा असा खाल्ला की मी बघतच राहिलो. फायबरच्या दोन टाक्या घेतल्या, काच मिळून दोन चौरस मीटरच्या थोडं खाली, ग्रॅनाइट नागपुरातूनच. टेम्पोवाल्याला वाटलं कोणाच्या तरी समाधीचं सामान आहे. पूर्ण वाळलेलं सिलिकॉन, पाऊण बोट पाणी, रोज सकाळी कालचं खारट पाणी काढून ताजं भरायचं, म्हणजे क्षार साचत नाहीत.

"कोठून येते रे पानी याच्यात?" मावशीने काचेला नाक लावून विचारलं.

"उन्हानं."

"ऊन तं आमच्या इथं कईपासून हाय. मंग पयले काहून नाई आलं?"

ह्याचं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

पहिल्या दिवशी पाच लिटर आलं. मावशीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याले चवच नाई बाप्पा." खरंच नव्हती. क्षार गेले की चवही जाते. मग आम्ही पाच लिटरमध्ये एक लिटर हातपंपाचं पाणी उकळून, निववून मिसळलं. मीटर ४८० वर थांबला. पाचाचं सहा लिटर झालं आणि चवही आली. हिशेब कागदावर मी केला होता, पण मिसळायची गोष्ट पहिले मावशी बोलली, "जरासं आपलं टाकून पाय ना." दुसऱ्या दिवशी तिने त्या पाण्यात तूर शिजवली. कुकरच्या चार शिट्ट्यांनंतर झाकण उघडलं आणि दाणा बोटात दाबून मला दाखवला, काही न बोलता.

पावसाळ्यात ढग आले की उत्पन्न लिटर-दीड लिटरवर येतं, पण तेव्हा ती पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरते. डिसेंबरात तीन लिटरच्या आसपास. काढलेलं खारट पाणी ती अंगणाच्या कोपऱ्यात एका पसरट घमेल्यात वाळवते आणि तळाचा पांढरा चुरा खरवडून पत्र्याच्या डब्यात भरते. ते खायचं मीठ नव्हे, जनावरालाही घालू नको, असं मी तीनदा बजावलंय. डबा अर्धा भरलाय. पूर्ण भरल्यावर काय करायचं, ते तिने मला विचारलं, मी दुकानात येणाऱ्या एका केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले विचार करून सांगतो.

परवा फोन आला. "बाबू, वांदरानं एक काच फोडली. तिकून येताना जाड आन."

काचवाल्याकडे गेलो. तो म्हणतो पाच एमएमची टफन घ्या, पण ती एकदा टफन केली की कापता येत नाही, माप अचूक द्या. मावशीला पट्टी धरून माप घ्यायला सांगितलं तर तिने वीत सांगितली: सहा वीत आणि चार बोटं. आता रविवारी दर्यापूर.